सूनबाईंच्या खापरपणजोबांची बायको एक की दोन? १८७० आणि १८८० च्या अमेरिकन जनगणनेची पानं वाचायला मदत हवी

निवृत्त_तलाठी (सोलापूर)

नमस्कार मंडळी. माणूस अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचा, शेतकरी, जन्म १८४३ चा. विचारणारा मी सोलापूरचा, तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून सुटलो. संबंध असा की हे गृहस्थ माझ्या सूनबाईंचे खापरपणजोबा. नात तिकडे शाळेत वंशवृक्ष करतेय. आमच्या बाजूची नावं मी फोनवर सांगून मोकळा झालो. सूनबाईंच्या वडिलांकडची बाजू मात्र एका बाईपाशी अडलीय. सूनबाईंनी होते नव्हते ते कागद माझ्याकडे धाडले, "बाबा, तुम्ही जन्मभर सातबारा आणि वारस नोंदी बघितल्यात, तुम्हीच बघा." तेव्हापासून जेवताना पण कागद समोर असतो आणि घरची बोलणी खातोय. नावं इथे देत नाही. सुनेच्या माहेरची माणसं, चारचौघांत मांडणं बरं दिसत नाही. आपण त्यांना म्हातारा म्हणू.

कागद काय आहेत ते आधी सांगतो. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीच्यांचे नुसते आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, जन्माचं राज्य. (१८५० आणि १८६० ला गुलामांची यादी वेगळी केलेली. वर मालकाचं नाव, खाली नुसती वयं. ते पान उघडलं आणि मिटून टाकलं.) या सगळ्या पानांवर हिशोबाचा दिवस १ जून. मोजणारा उशिरा का येईना, १ जूनला घरात कोण होतं तेच लिहायचं.

१८७० चं पान इलिनॉयमधलं. म्हातारा २७ वर्षांचा, शेतमजूर. त्याच्याखाली एक बाई, २१. तिच्याखाली मुलगी, १. नातं लिहिलेलं नाही, कारण नात्याचा रकाना १८८० ला पहिल्यांदा आला. बायको असणार हे आपण समजून घ्यायचं.

१८८० चं पान नेब्रास्कातलं. म्हातारा आता ३६ (दहा वर्षांत नऊच वाढला, चालायचंच), शेतकरी. बायको २७. मुलगी ११, मुलगा ८, मुलगा ५, मुलगी २. तळाला एक विधवा बाई, ५८ वर्षांची, आडनाव वेगळं, नात्याच्या रकान्यात 'सासू'.

यातला पाच वर्षांचा मुलगा म्हणजे सूनबाईंचे पणजोबा, आणि घोडं पेंड खातंय ते त्यांच्यापाशीच. १८७० मधल्या बाईचं नाव 'एम'ने सुरू होतं, १८८० मधल्या बायकोचं 'एल'ने. शिवाय २१ ची बाई दहा वर्षांनी २७ ची कशी? सूनबाईंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ते असं की म्हाताऱ्याची बायको एकच, 'एल'. तिनेच सगळी मुलं वाढवली. आणि टोळधाड आली त्या वर्षी म्हाताऱ्याचं सगळं धुऊन निघालं, तरी त्याने जमीन सोडली नाही.

१८९० चं पान नाही. ती जनगणना जवळजवळ सगळी १९२१ च्या वॉशिंग्टनच्या आगीपायी गेली. आपल्याकडे हे काम वाळवी करते.

१९०० चं पान मात्र सोन्यासारखं. जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला मुलं किती झाली, त्यातली हयात किती, सगळं विचारलंय. 'एल' ४७ ची, लग्नाला २५ वर्षं, मुलं झाली ६, हयात ४. घरात त्या दिवशी एक मुलगी २२ ची आणि मुलगे १७, १३, ९. पणजोबांचा तेव्हा शेजारच्या टाउनशिपमध्ये वेगळा संसार आहे, त्यांच्यापुढे जन्म ऑक्टोबर १८७४ असं स्वच्छ लिहिलंय. आता लग्नाला २५ वर्षं म्हणजे लग्न जून १८७४ ते मे १८७५ मधलं. मुलगा बरोब्बर त्या बारा महिन्यांतच जन्मलेला!

१८८० ला आईवडिलांच्या जन्माच्या राज्याचा रकाना आहे, त्यावरून सुटेल वाटलं होतं. थोरल्या मुलीपुढे आईचं राज्य 'ओहायो' लिहिलंय आणि खालच्या तिघांपुढे आपल्या 'कित्ता'ची खूण. पण 'एम' पण ओहायोची आणि 'एल' पण ओहायोची. रकाना भरलेला, उपयोग शून्य.

एक आणखी सांगतो, प्रश्नाशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८० च्या जनगणनेत शेतीचं वेगळं पत्रक आहे, आपल्या पीकपाहणीचा थोरला भाऊ. नांगराखालची जमीन, पड, घोडे, गाई, डुकरं, मका किती बुशेल, गहू किती, इथपर्यंत ठीक. पुढे रकाना : वर्षभरात घरी केलेलं लोणी, पौंडांत. आणि अंडी, डझनांत. म्हाताऱ्याच्या ओळीत तीन दुभत्या गाई आणि २०० पौंड लोणी! आता हे लोणी म्हाताऱ्याने काढलं नसणार. 'एल'च्या हातच्या कामाचा सगळ्या सरकारी दप्तरात मला दिसलेला एवढाच पुरावा. मी इतकी वर्षं पीकपाहणी लिहिली, बाईच्या कामाला रकाना कधी बघितला नाही.

तर 'एम' आणि 'एल' एकच बाई का? नसेल तर पणजोबा कोणाचे? आणि जमिनीच्या कागदावर 'सेक्शन १४ चा वायव्य चतुर्थांश' आणि पुढे टाउनशिप-रेंजचे आकडे आहेत, ते कसे वाचायचे? थडग्याचा फोटो पण आहे, म्हाताऱ्याच्या नावाखाली इलिनॉयच्या कुठल्याशा पायदळ पलटणीचा नंबर कोरलाय.


बार्शीचा_मोजणीदार

भाऊसाहेब, रामराम. भूमी अभिलेखला हयात गेली, म्हणून जमिनीपुरतं बोलतो. बायकांच्या भानगडीत पडत नाही.

ही १७८५ च्या कायद्यापासूनची पद्धत. सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन म्हणजे टाउनशिप. त्यात ३६ सेक्शन, एकेक एक मैल बाय एक मैल, ६४० एकरांचा. त्याचा पाव भाग १६० एकर. नंबर ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरू होतात. १ ते ६ पश्चिमेकडे जातात, ७ ते १२ उलटे पूर्वेकडे येतात, १३ पासून परत पश्चिमेकडे, तासाला बैल वळवावेत तसे. म्हणजे तुमचा १४ वरून तिसऱ्या ओळीत, पूर्वेकडून दुसरा. त्याचा वायव्येकडचा पाव हिस्सा म्हाताऱ्याचा. १६ आणि ३६ नंबर शाळेसाठी राखीव, तिथे होमस्टेड, म्हणजे कसण्याच्या अटीवर मिळणारी सरकारी जमीन, मिळायचं नाही.

ते ६६ फुटी साखळीने मोजायचे. आपली ३३ फुटी, सोळा आण्यांची. ३३ बाय ३३ चा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, एकर दोन्हीकडे तोच. १६० एकर म्हणजे ६,४०० गुंठे, तेही चारी बाजू सरळ! आपल्याकडे गोल्डस्मिड-विंगेट इंदापुरात मोजायला आले, १८३५-३६ ची गोष्ट, तेव्हा शेतं आधीच होती. ओढा जाईल तसा बांध, बांध जाईल तसा नंबर. तिथे रेघा आधी मारल्या आणि माणसं मागून आणली. अर्थात 'माणसं नव्हती' हे कागदावर. नेब्रास्कात पॉनी नावाचे आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, त्यांना कोणी नोटीस बजावली नाही.


लिंकनकर_वहिनी

काका, मी मूळची अक्कलकोटची, आता नेब्रास्कात लिंकनला असते. इथल्या वाचनालयात असल्या कागदांत बरीच बसलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एकच बाई असेल का? टोपणनावांचा घोळ इथे खूप. मेरीची पॉली होते, साराची सॅली, मार्थाची पॅट्सी, मार्गारेटची पेगी. पण तुम्ही व्यनित (व्यक्तिगत निरोपात) कळवलेली दोन नावं त्यातली नाहीत. आणि वय दोन-तीन वर्षांनी हलतं, चार जरा जास्तच होतात. दोन बायका धरून चाला.

आता १९०० चं पान परत बघा. हयात ४, आणि घरात 'एल'ची चार मुलं. पणजोबा तेव्हा जिवंत होते, शेजारच्याच टाउनशिपमध्ये. ते 'एल'चे असते तर हयात ५ हवे होते. फक्त यावर शिक्का मारू नका. उत्तर घरातल्या कोणी दिलं हे तेव्हा लिहीत नसत, ती खूण १९४० च्या जनगणनेत आली. म्हाताऱ्याने दारात उभं राहून घरातली डोकी मोजून 'चार' सांगितलं असेल, तसंही होतं.

जन्म-मृत्यूचे दाखले शोधण्यात वेळ घालवू नका. नेब्रास्कात राज्यभराची नोंद १९०४ पासूनची.

टोळांचं वर्ष १८७४. जुलै-ऑगस्टात आले. मका तर खाल्लाच, घोड्यांचा चामडी साज, अवजारांचे लाकडी दांडे, दोरीवरचे कपडे, काही सोडलं नाही. त्या हिवाळ्यात लष्कराने साठ्यातले कोट आणि बूट शेतकऱ्यांना वाटले. आता तुमच्या कामाचं. होमस्टेडचा कायदा १८६२ चा. १६० एकर जवळपास फुकट, पण पाच वर्षं त्या जमिनीवर राहून ती कसायची अट. सोडून गेलात तर हक्क गेला. १८७४ च्या डिसेंबरात काँग्रेसने सवलत दिली की टोळांनी पीक खाल्लेल्यांनी उन्हाळ्यापर्यंत जमीन सोडून गेलं तरी चालेल. त्यामुळे कितीतरी कुटुंबं त्या हिवाळ्यात जुन्या गावी गेली आणि १८७५ मध्ये परत आली. म्हाताऱ्याने दुसरं लग्न केलं असेल तर ते नेब्रास्कात शोधू नका, इलिनॉयमध्ये बघा. तिथल्या राज्य अभिलेखागाराची १९०० पर्यंतच्या लग्नांची सूची ऑनलाइन आहे, फुकट. नवऱ्याच्या नावाने शोधा.

आणि १८७० चं पान म्हाताऱ्याच्या ओळीपाशी थांबवू नका. वरची-खालची घरं वाचा, मागचं-पुढचं पान वाचा. घोड्यावर जाऊन येता येईल एवढ्या अंतरातच सोयरीक व्हायची.


सडेतोड

छान चाललंय. स्वतःच्या पणजीचं माहेर सांगता येत नाही अशी माणसं अमेरिकेतल्या म्हाताऱ्याच्या बायका मोजतायत.


निवृत्त_तलाठी

सडेतोडराव, माझ्या पणजीचं माहेर जतजवळचं. आमच्याकडे हेळवी यायचे, बैलावर पोथ्या लादून. खळ्यावर बसून सात पिढ्या म्हणून दाखवायचे आणि नवीन जन्मलेल्याचं नाव चढवून ज्वारी घेऊन जायचे. १८७६ च्या दुष्काळात आमचे लोक गाव सोडून सोलापुरात आले आणि पुढे जुन्या गिरणीत लागले, हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय. पुरुषांची नावं बिनचूक. बायका मात्र 'अमक्या गावची' एवढ्यावरच. तेव्हा दोन्हीकडचं दुखणं एकच आहे. अमेरिकेत रकाना आहे म्हणून निदान धडपड करता येते.

लिंकनच्या वहिनी, तुमचा हात हातात घेऊन आभार मानावेत असं उत्तर. इलिनॉयची सूची आणि शेजारची घरं, दोन्ही बघतो. 'हयात ४' चा हिशोब मी पण मांडला होता, पण म्हाताऱ्याने दारात उभं राहून सांगितलं असेल हे पटतं. वारस नोंदीच्या वेळी थोरला भाऊ बहिणींची नावं 'विसरतो', ते आम्ही रोज बघायचो.

मोजणीदार, ३३ फुटी साखळीवर एक वेगळा धागा काढा हो, मजा येईल.


कसब्यातली_आजी

दादा, मला ते सेक्शन-बिक्शन काही कळत नाही. पण तुम्ही सगळे बायकोच्या मागं लागलाय, सासूकडं कुणी बघेना. ती म्हातारी कुणाची आई? दुसरीचीच असली तर ती लेकीच्या सवतीची तीन लेकरं सांभाळायला एवढ्या लांब कशाला येईल? आणि पहिलीची असली तर जावयाच्या दुसऱ्या बायकोच्या हाताखाली कशी राहील? राहिली म्हणजे दोघींची पण आईच असणार. थोरली बाळंतपणात गेली आणि लेकरासाठी धाकटी दिली. आमच्या आजोळी असंच झालेलं. मावशीचं तेरावं झालं आणि तिथंच वडीलधाऱ्यांनी बोलणं काढलं. धाकट्या मावशीला कुणी विचारलं पण नाही. पाळण्यात दीड महिन्याचं पोर होतं, त्याला घेऊन गेली ती. ते पोर मोठं होऊन मामलेदार झालं, पण त्याला ती मावशी आहे हे लग्नाच्या वेळी कळलं. पत्रिकेत आईचं नाव काय घालायचं म्हणून घरात भांडण.


लिंकनकर_वहिनी

आजी, मला हे सुचलंच नव्हतं. इथेही असं सर्रास व्हायचं. काका, सासूचं आडनाव धरून १८७० च्या पानावर शोधा.


निवृत्त_तलाठी

मंडळी, आजींच्या पाया पडतो.

१८७० च्या त्याच पानावर, म्हाताऱ्याच्या घराखाली दोन घरं सोडून, सासूचं आडनाव सापडलं. विधवा बाई, ४८. एक मुलगा २० चा, शेती बघणारा. एक मुलगी १७, तिचं नाव 'एल'. १८८० ला सासू ५८ आणि 'एल' २७. वय एका वर्षानेही हललेलं नाही.

मग इलिनॉयची सूची. म्हाताऱ्याच्या नावावर एकाच काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखी) दोन लग्नं. एक १८६८ चं, 'एम'शी. दुसरं मार्च १८७५ चं, 'एल'शी. दोन्ही नोंदींत नावांचं स्पेलिंग वेगळं आहे, लिहिणाऱ्याने कानाला आलं तसं लिहिलं. पण दोन्ही नवऱ्या मुलींचं आडनाव तेच, सासूचं.

म्हणजे पणजोबा ऑक्टोबर १८७४ चे आणि 'एल'चं लग्न मार्च १८७५ चं. तरी मी अजून फेरफार मंजूर करत नाही. जन्माचा महिना १९०० ला पणजोबांनी स्वतः सांगितलेला, आणि स्वतःच्या जन्माला कोणी साक्षीदार नसतो. एखादं वर्ष इकडचं तिकडं झालं असेल तर सगळं फिरतं. घरचा तिसरा कागद कुठे मिळेल?


लिंकनकर_वहिनी

थडग्यावरची पलटण! तोच तुमचा तिसरा कागद. म्हातारा यादवी युद्धात उत्तरेकडून लढला. तशा शिपायांची पेन्शन फाईल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असते, फी भरून प्रत मिळते. घरच्यांपैकी कोणीही अर्ज करू शकतं, सूनबाईंना सांगा. १८९० ची जनगणना जळाली तरी माजी सैनिकांची त्या वर्षीची वेगळी यादी नेब्रास्काची तरी शाबूत आहे. त्यात पलटण, कंपनी आणि नोकरीचा काळ मिळेल. तो आधी काढा, म्हणजे त्याच नावाच्या दुसऱ्या शिपायाची फाईल गळ्यात पडणार नाही.

आता गंमत ऐका. १८९८ मध्ये पेन्शन खात्याने पेन्शनरांना छापील प्रश्न पाठवले. लग्न झालंय का, बायकोचं माहेरचं नाव काय? कधी, कुठे, कोणी लावलं? नोंद कुठे आहे? आधी लग्न झालं होतं का, असेल तर पहिल्या बायकोचं नाव आणि ती कधी, कुठे वारली? हयात मुलं कोण, त्यांच्या जन्मतारखा काय? तुमचेच प्रश्न, आणि उत्तर खुद्द म्हाताऱ्याचं. खात्याला पुढेमागे विधवेला पैसे द्यावे लागणार म्हणून ही चौकशी, पण आपलं भलं झालं.

म्हातारा आधी गेला असेल तर 'एल'चा विधवा पेन्शनचा अर्ज पण त्याच गठ्ठ्यात मिळेल. लग्न सिद्ध करायला बायकांनी शेजाऱ्यांचे जबाब जोडलेले असतात, कधीकधी घरच्या बायबलचं नोंदीचं पान फाडून दिलेलं असतं. आणखी एक : १८७२ च्या कायद्याने माजी सैनिकाला लष्करातली वर्षं होमस्टेडच्या पाच वर्षांतून वजा करून मिळायची. त्यामुळे जमीन लवकर नावावर झालेली दिसली तर गोंधळू नका.


निवृत्त_तलाठी

मंडळी, मध्ये बरेच महिने गेले. फाईल आली. सूनबाईंनी स्कॅन करून पाठवली, चांगलीच जाडजूड आहे. निम्मी म्हाताऱ्याच्या गुडघ्याबद्दल. थंडीच्या दिवसांत नांगर धरता येत नाही, खोगिरावर पाय टाकता येत नाही, डॉक्टरांचा दाखला, फेरतपासणी, पुन्हा दाखला. सरकारी कचेरीत निवृत्तिवेतनाची फाईल कशी फिरते ते मला नव्याने सांगायला नको. ते सगळं उलटत गेलो आणि मध्येच ते छापील पान लागलं.

अक्षर म्हाताऱ्याचंच असावं, सहीशी जुळतं. अक्षरं मोठी, एकेक सुटं, रेघेवर रेटून बसवलेली. पहिल्या दोन प्रश्नांना 'एल', माहेरचं आडनाव, इलिनॉयची काउंटी, मार्च १८७५. चौथ्या प्रश्नाला 'एम', तेच आडनाव. वारली नेब्रास्कात, घरीच, ऑक्टोबर १८७४. पाचव्या प्रश्नाला जागा पुरली नाही म्हणून मुलांची यादी समासात उभी गेलीय. सात नावं आहेत आणि तिसरं पणजोबांचं. जन्म आणि 'एम'चा मृत्यू यांत नऊ दिवसांचं अंतर.

पहिल्या तीन मुलांच्या जन्मतारखा मार्च १८७५ च्या आधीच्या, पुढच्या चौघांच्या नंतरच्या. १९०० ला जो कोणी दारात आला त्याला 'हयात ४' हे बरोबर सांगितलेलं होतं.

'एल'चा विधवा पेन्शनचा अर्ज पण आहे. त्यात एका शेजाऱ्याचा जबाब लावलाय. तो सांगतो की १८७५ च्या वसंतात हे सगळे एका गाडीतून इलिनॉयहून परत आले तेव्हा सासूबाई सोबत होत्या, आणि धाकटं मूल त्यांच्या मांडीवर होतं. घराबद्दल पण सांगितलंय : मुळांसकट कापलेल्या गवताच्या ढेपांच्या भिंती, वर तसंच छप्पर, पाऊस थांबला तरी आत दोन दिवस गळायचं. माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

आता नातीच्या तक्त्याचं. तिने पणजोबांच्या आईच्या चौकटीत 'एम' लिहायचं ठरवलं, तर आमच्या व्याह्यांचा फोन. वय झालंय, पण आवाज खणखणीत. त्यांचं म्हणणं, त्यांच्या आजोबांनी जिला आई म्हटलं ती 'एल'. तिच्या हातची शिवलेली गोधडी अजून घरात आहे, आणि तुम्ही कुठल्या कागदावरून तिला उठवता? मी म्हटलं, उठवत नाही, कबजेदार वेगळा आणि मूळ मालक वेगळा, दोन्ही नावं लागतात. सूनबाईंनी भाषांतर करून सांगितलं, ते हसले, पण मानले नाहीत. शेवटी नातीने 'एम'ची चौकट केली, शेजारी तुटक रेघेने 'एल'ची जोडली. वर दोघींची आई ठळक शाईत. तिच्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही, कारण कुठल्याही मार्गाने वर गेलं तरी आजी तीच येते.

कसब्यातल्या आजी, नातीने तुमच्यासाठी इंग्रजीत चिठ्ठी लिहिलीय, व्यनि करतो. कुणाकडून तरी वाचून घ्या.

राहिली 'एल'ची न जगलेली दोन मुलं. १८५० ते १८८० च्या चार जनगणनांबरोबर आदल्या वर्षभरात गेलेल्यांचं वेगळं पत्रक असायचं. १८८० च्या त्या पत्रकात एक सापडलं : मुलगा, अकरा महिन्यांचा, जानेवारी, घटसर्प. नाव आहे. नातीने ते तक्त्यात घातलं. दुसरं १८८० नंतरचं दिसतंय. त्यासाठी नेब्रास्काची १८८५ ची जनगणना काढली, तर त्या बहाद्दराने आमच्या पानावर सगळ्यांच्या पहिल्या नावाची नुसती आद्याक्षरं लिहून ठेवलीत. १८८५ च्या ओळीत दोन वर्षांचा एक आणि पाच महिन्यांचं एक, दोघांपुढे 'जे'. दोन वर्षांचा म्हणजे १९०० ला १७ चा असलेला मुलगा, तो जमला. पाच महिन्यांचं मूल मुलगा की मुलगी, तो रकाना फोटोत दुमडलाय. वहिनी, लिंकनला या पानाची दुसरी प्रत बघायला मिळेल का?